कमी पैशांत नीटनेटका पेहराव कसा जमवावा

हातात पैसे थोडे असले की कपड्यांची खरेदी बहुतेकदा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल? मग स्वस्तातले चार कपडे घरी येतात, दोन-चार धुण्यांत त्यांचा आकार जातो, आणि कपाट भरलेलं असूनही घालायला काही नाही ही तक्रार तशीच राहते. माझं ठाम मत आहे की चांगलं दिसण्यात किमतीचा वाटा आपण समजतो त्याहून खूप कमी असतो. समोरच्याची नजर आधी टिपते ती कपडा अंगावर बसलाय की नाही ही गोष्ट. मग तो स्वच्छ, इस्त्री केलेला, धड आहे का. त्यानंतर रंग एकमेकांना शोभतात का. कापड भारी आहे की साधं हे जवळ आल्यावर कळतं, आणि कंपनी कोणती हे बहुतेकांना कळतही नाही.

थोडे पैसे याच क्रमाने वापरले तर पुरतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये खरेदी बरीच मागे आहे. पहिल्या तीन पायऱ्या झाल्याशिवाय नवीन काही घेऊ नका.

पायरी १ : कपाट रिकामं करा

सगळे कपडे बाहेर काढा. बॅगेत ठेवून दिलेले, धुवायला टाकलेले, "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून जपलेले, सगळे. मग एकेक अंगावर घालून दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहा. हातात धरून किंवा हँगरवर बघून निर्णय घेऊ नका. हँगरवर झकास दिसणारा कपडा अंगावर वेगळाच निघतो.

चार ढीग करा. पहिला, आहेत तसे आनंदाने घालता येतील असे. दुसरा, बटण, शिवण, चेन, डाग अशी छोटी डागडुजी हवी असलेले. तिसरा, कापड आणि रंग चांगला पण माप चुकलेले. चौथा, अजिबात घालणार नाही असे. दुसरा आणि तिसरा ढीग म्हणजे तुमची सगळ्यात स्वस्त खरेदी, कारण त्या कपड्यांचे पैसे देऊन झालेले आहेत आणि आता फक्त दुरुस्तीचा खर्च उरला आहे.

चौथ्या ढिगावर मात्र थोडा वेळ घालवा. प्रत्येक कपडा का घालत नाही याचं कारण मोबाइलमध्ये टिपून ठेवा: बाही दंडाला काचते, कापड टोचतं, बसलं की कंबर खाली सरकते, रंग कशावरच जात नाही. आठ-दहा कपडे झाले की तीच तीच कारणं पुन्हा यायला लागतात. ही कारणांची यादी कुठल्याही फॅशन सल्ल्यापेक्षा मोलाची आहे, कारण ती तुमच्या अंगावरून आणि तुमच्या सवयींवरून आलेली आहे. दुकानात ती उघडून बघायची.

आणखी एक हिशेब याच वेळी करून टाका. तुमच्या आठवड्यातले किती दिवस कामावर जातात, किती घरी, किती बाहेर फिरण्यात, आणि समारंभाला जाणं वर्षातून किती वेळा होतं? कपड्यांची वाटणी साधारण त्याच प्रमाणात असायला हवी. रोजच्या कामाला दोनच धड शर्ट आणि समारंभाला पाच भारी कपडे असा प्रकार बऱ्याच कपाटांत सापडतो. पैसे खर्च झालेले असतात, पण चुकीच्या दिवसांवर.

पायरी २ : माप आणि अल्टरेशन

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. साधा सुती शर्ट खांद्यावर आणि कमरेत नीट बसला तर तो महागड्या पण ढगळ शर्टापेक्षा उजवा दिसतो.

आधी मापं घ्या, पण शरीराची घेण्याआधी कपड्यांची घ्या. तुम्हाला सगळ्यात छान बसणारा एक शर्ट किंवा टॉप आणि एक पॅन्ट निवडा. सपाट जागेवर पसरून टेपने मोजा: एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, बाहीची लांबी, मागची पूर्ण उंची. पॅन्टची कंबर, मांडीचा घेर, पुढची उंची म्हणजे दोन पायांच्या सांध्यापासून कमरेच्या पट्टीपर्यंत, आतली लांबी आणि पायाचा खालचा घेर. हे आकडे मोबाइलमध्ये ठेवा. लेबलवरचा एम किंवा एल प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, सेंटिमीटर मात्र सगळीकडे सारखा. ऑनलाइन खरेदीत आणि वापरलेले कपडे घेताना हे आकडे असले की निम्मा अंदाजपंचे कारभार संपतो.

कपडा बसलाय हे कसं ओळखायचं? खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी; ती दंडावर उतरली की कपडा उसना वाटतो. मुद्दाम सैल बेतलेल्या कपड्यांत शिवण खाली असते, पण तिथेही गळा आणि बाहीची लांबी बरोबर हवी. शर्टाची बटणं लावल्यावर बटणाभोवती फुलीसारख्या ताणाच्या रेषा दिसल्या तर तो छातीत किंवा पोटात तंग आहे. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत. पॅन्टला पुढे मांड्यांच्या वर आडव्या सुरकुत्या पडत असतील तर ती घट्ट आहे, आणि मागे खाली कापड लोंबत असेल तर ढगळ. उभं राहून समाधान झालं तरी थांबू नका. खाली बसा, दोन्ही हात वर करा, वाकून बुटाची नाडी बांधायचा आव आणा. कपडे घालून आपण दिवसभर ताठ उभे नसतो.

आता शिंप्याकडे काय जमतं आणि काय जमत नाही हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे.

सहज आणि स्वस्तात होणारी कामं: पॅन्टची उंची कमी करणं, शर्टाच्या दोन्ही बाजूंनी घेर आत घेणं, पॅन्टचे पाय गुडघ्याखाली निमुळते करणं, अर्ध्या बाहीची लांबी आणि रुंदी कमी करणं, कंबर थोडी आत घेणं. कंबर किंवा उंची वाढवायची असेल तर आतमध्ये दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडलाय ते कपडा उलटा करून बघा. दाबच नसेल तर शिंपी काही करू शकत नाही. दाब असला तरी जुन्या घडीची रेघ आणि सुईची भोकं दिसतात का ते तपासा. विटलेल्या जीन्समध्ये ही रेघ जात नाही.

अवघड किंवा महाग कामं: खांदे लहान करणं, जॅकेटची उंची बदलणं (खिसे आणि बटणं मग चुकीच्या जागी येतात), पॅन्टची पुढची उंची बदलणं, अस्तर असलेला कपडा मोठा करणं. यावरून एक सोपा नियम निघतो. वरचा कपडा खांद्याला बसतो का ते आधी बघा, पॅन्ट नितंब आणि मांडीला बसते का ते बघा. बाकीचं शिंप्याकडून आत घेता येतं. शरीराचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या मापाचा असणं अगदी सर्वसाधारण आहे, त्यामुळे सगळ्यात रुंद भागाला बसणारं माप घेऊन उरलेलं आत घेणं हाच शहाणा मार्ग.

शिंप्याकडे जाण्याआधी कपडा एकदा धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. कारखान्यातच कापड आधी आटवून घेण्याच्या प्रक्रियेचं पेटंट सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० मध्ये घेतलं आणि त्यानंतर आटणं बरंच कमी झालं, पण प्रत्येक स्वस्त कापडावर ती प्रक्रिया केलेली असतेच असं नाही. आधी उंची कमी करून नंतर धुतलेली पॅन्ट घोट्याच्या वर जाऊन बसते आणि मग तिला उपाय नाही. जाताना जे बूट त्या पॅन्टवर घालणार तेच घालून जा. "जरा फिट करा" असं मोघम सांगू नका. कपडा अंगावर असताना टाचण्या लावून घ्या आणि हात वर करून, बसून खात्री करा. नवीन शिंप्याला पहिल्यांदा पॅन्टची उंची कमी करण्यासारखं साधं काम द्या. ते सफाईने केलं तर पुढचं सोपवा.

खर्चाचं ठरवताना कपड्यांच्या एकूण पैशांतला साधारण पाचवा हिस्सा अल्टरेशन आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा असं मी सुचवेन. हा हिस्सा नवीन कपड्यांत उडवू नका.

पायरी ३ : रंग थोडेच ठेवा

चार टॉप आणि तीन पॅन्ट असतील आणि प्रत्येक टॉप प्रत्येक पॅन्टवर जात असेल तर बारा जोड्या होतात. यात सगळ्यांवर जाणारा एक टॉप आला की तीन जोड्या वाढतात. पण आलेला टॉप फक्त एकाच पॅन्टवर शोभत असेल तर एकच जोडी वाढते, म्हणजे तेवढ्याच पैशांत एक तृतीयांश उपयोग. बजेट तंग असताना रंगाचा विचार हा असा आकड्यांत करावा.

पायाभूत रंग दोन किंवा तीन ठरवा: नेव्ही ब्लू, राखाडी, खाकी, तपकिरी, काळा यांपैकी. पॅन्ट, जॅकेट, बूट, बॅग, बेल्ट हे सगळं यातच बसवा. मग चेहऱ्याजवळ येणाऱ्या कपड्यांसाठी दोन-तीन रंग असे निवडा जे तुमच्या चेहऱ्याला उठाव देतात. कोणते, हे शोधायला तक्ते लागत नाहीत. खिडकीशी उभं राहून वेगवेगळ्या रंगांचे कपडे हनुवटीखाली धरा आणि फोटो काढा. काही रंगांत चेहरा टवटवीत दिसतो, काहींत थकलेला. फोटो शेजारी शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

काळ्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. स्वस्तातला काळा सुती कपडा लवकर विटतो, आणि दोन वेगवेगळे काळे कपडे एकत्र घातले की एक तपकिरी तर दुसरा हिरवट वाटू लागतो. पहिली चांगली पॅन्ट घेणार असाल तर मी नेव्ही किंवा गडद राखाडी घ्यायला सांगेन. पांढरा सगळ्यांवर जातो, पण पातळ पांढऱ्या कापडातून आतलं दिसतं. हात आत घालून बघा, त्वचेचा रंग स्पष्ट दिसला तर ठेवून द्या.

ठळक छापाचे कपडे लक्षात राहतात. कपडे मोजके असतील तर तोच फुलाफुलांचा शर्ट आठवड्यात दुसऱ्यांदा घातलेला सगळ्यांना कळतो. साधा आकाशी शर्ट तिसऱ्यांदा घातला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. छाप आवडत असेल तर बारीक रेघा, बारीक चौकडी, किंवा रुमाल-स्कार्फ यांवर हौस भागवा. पैसे अगदीच नसतील तेव्हा वरून खालपर्यंत एकाच रंगाच्या जवळच्या छटा घालणं हा हमखास चालणारा मार्ग आहे: राखाडी पॅन्टवर फिकट राखाडी टॉप, नेव्हीवर निळा. उंचीही थोडी जास्त भासते.

पायरी ४ : यादी करा आणि थांबा

आता काय कमी आहे ते लिहा, आणि अगदी नेमकं लिहा. "एक पॅन्ट" असं लिहिलं की दुकानदार ठरवतो. "गडद राखाडी, कामावर चालेल, मशीनमध्ये धुता येईल, माझ्या तपकिरी बुटांवर जाईल" असं लिहिलं की तुम्ही ठरवता. यादीत नवीन वस्तू घालताना तिच्याबरोबर घरातल्या किमान तीन कपड्यांची नावं लिहिता आली पाहिजेत. नाही आली तर ती वस्तू आणखी खरेदी करायला लावणार.

किंमत बघताना ती घालण्याच्या वेळांनी भागा. समजा एक स्वस्त पॅन्ट वीस वेळा घातल्यावर गुडघ्यात फुगते आणि रंग सोडते. दुसरी तिच्या तिप्पट किमतीची आहे, पण दीडशे वेळा घालता येते. हिशेब केलात तर दुसरी पॅन्ट दर वेळेला निम्म्याहूनही कमी पडते. उलट एका समारंभाकरता घेतलेला भारी कपडा एकदाच घातला तर त्याची पूर्ण किंमत त्या एका संध्याकाळची. मात्र तिप्पट पैसे आज हातातच नसतील तर हे गणित कितीही खरं असलं तरी उपयोगाचं नाही, हेही मला मान्य आहे. अशा वेळी दोन वाटा आहेत: तीच चांगली वस्तू वापरलेली शोधणं, किंवा आहे त्या पॅन्टवर आणखी दोन महिने काढून पैसे साठवणं.

पैसे कुठे जास्त घालावेत? रोजचे बूट, रोजची पॅन्ट, जॅकेट किंवा थंडीचा कोट, बॅग. यांची झीज जास्त होते आणि हलका दर्जा यांत लगेच दिसतो. टी-शर्ट, मोजे, आणि यंदाच्या फॅशनची एखादी वस्तू स्वस्तातली चालते.

सेलबद्दल इतकंच: यादीत नसलेल्या वस्तूवरची सवलत ही बचत नसते. हंगाम संपताना मात्र जरूर जा. थंडीचे कपडे थंडी ओसरताना आणि उन्हाळी कपडे उन्हाळा सरताना उतरत्या भावात मिळतात, आणि साधे, एकरंगी कपडे पुढच्या वर्षी जुने वाटत नाहीत. ऑनलाइन काही आवडलं तर टोपलीत टाकून आठवडाभर तसंच राहू द्या. आठ दिवसांनीही आठवण राहिली तर घ्या.

पायरी ५ : दुकानात कापड आणि शिवण तपासा

एखादा शर्ट हातात घेतला की मी असा बघते. आधी आतलं लेबल. सुती म्हणजे हवेशीर, घाम शोषणारा, पण चुरगळणारा. लिनन त्याहून गार आणि त्याहून जास्त चुरगळणारं. १९४१ मध्ये शोध लागलेलं पॉलिएस्टर चुरगळत नाही, लवकर वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. व्हिस्कोस मऊ आणि छान पडतं, पण ओलं असताना कमजोर होतं, म्हणून ते पिळायचं नाही. सुती धागा याच्या उलट, ओला असताना जास्त मजबूत असतो. पॅन्टमध्ये दोन-तीन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलं तर आराम मिळतो. पण ते उष्णतेने खराब होतं आणि मग गुडघे फुगतात, म्हणून अशा जीन्स कडक गरम पाण्यात आणि ड्रायरमध्ये घालू नका.

मग कापड मुठीत घट्ट धरून दहापर्यंत मोजा आणि सोडा. उमटलेल्या सुरकुत्या म्हणजे दुपारपर्यंत तुमचा शर्ट कसा दिसेल त्याचा नमुना. विणीचं कापड असेल तर थोडं ताणून सोडा. ते पूर्ववत झालं नाही तर कोपरं आणि गुडघे लवकरच लोंबणार. उजेडापुढे धरा. पातळ-जाड पट्टे दिसले तर वीण असमान आहे. दोन बोटांनी जोरात चोळून बघा. लगेच तंतू उभे राहिले तर त्या कपड्यावर थोड्याच दिवसांत गोळे येणार. गोळे आखूड तंतूंमुळे येतात आणि कृत्रिम धाग्याची मिसळ असली की ते गळून न पडता चिकटून बसतात.

टी-शर्ट ऑनलाइन घेताना वर्णनात जीएसएम हा आकडा शोधा. दर चौरस मीटर कापडाचं ते ग्रॅममधलं वजन. १४० च्या खाली असेल तर पातळ, १८० च्या आसपास असेल तर अंगावर नीट उभा राहणारा, २०० च्या वर जाडजूड. बाजूच्या शिवणी खालपर्यंत सरळ आहेत का तेही बघा. पहिल्याच दिवशी पिळवटलेली शिवण धुतल्यावर पोटावर येते.

आता कपडा उलटा करा. शर्टाच्या शिवणीत अडीच सेंटिमीटरमध्ये दहा-बारा टाके असतील तर काम चांगलं आहे. सहा-सातच असतील तर ती लवकर उसवणार. शिवणीच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने ओढा. फट पडून टाके दिसले तर दोरा सैल आहे. चौकडीच्या किंवा रेघांच्या कपड्यात खिशावर आणि बाजूच्या शिवणीवर रेघा जुळवलेल्या असतील तर शिवणाऱ्याने कापड वाचवण्यापेक्षा सफाईला महत्त्व दिलंय असं समजा. काज नीट भरलेलं हवं, लोंबते दोरे नकोत. पॅन्टच्या खिशांचे कोपरे सगळ्यात आधी फाटतात. म्हणूनच जेकब डेव्हिस या शिंप्याने कामगारांच्या पॅन्टना तिथे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे कापड घट्ट धरणाऱ्या धातूच्या टिकल्या, ठोकले आणि १८७३ मध्ये त्याचं पेटंट त्याने लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत घेतलं. आज रिव्हेट नसला तरी त्या कोपऱ्यावर दाट टाक्यांची पट्टी असायला हवी.

हे सगळं बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि थोड्याच दिवसांत हात आपोआप तिथे जातो.

पायरी ६ : वापरलेल्या कपड्यांचा विचार करा

कमी पैशांत चांगलं कापड मिळवण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. लोकरीचा कोट, खऱ्या चामड्याचा बेल्ट, अस्तर लावलेलं जॅकेट या वस्तू नव्या घेणं झेपत नाही, पण वापरलेल्या झेपतात. शिवाय वापरलेला कपडा आधीच अनेकदा धुतलेला असतो; जो आटायचा तो आटलेला, जो रंग जायचा तो गेलेला. पुढे कसा दिसेल ते आत्ताच दिसतं. नात्यात, मित्रमंडळींतही विचारा. एकमेकांना न होणारे कपडे अदलाबदल करणं यात कमीपणा काहीच नाही.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. कॉलरची घडी, कफची कड, काख, कोपर, पॅन्टच्या मांड्यांची आतली बाजू, गुडघे, पाठीमागचा बसण्याचा भाग. मांडीच्या आतलं कापड उजेडापुढे धरा. ते विरलेलं असेल तर महिन्याभरात फाटेल. लोकरीचा कपडा उजेडापुढे धरला की कसरीची बारीक भोकं दिसतात. चेन पूर्ण वरखाली करून बघा, अस्तर काखेत उसवलंय का ते पाहा, आणि वास घ्या.

सुटलेलं बटण, उसवलेली शिवण, जास्त लांबी, सैल कंबर हे दोष भाव कमी करून घ्यायला उत्तम. काखेतले जुने पिवळे डाग, विरलेलं कापड, घट्ट खांदे, चामड्याला पडलेल्या भेगा असतील तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. घरी आणल्यावर आधी धुवा, मग कपाटात ठेवा.

पायरी ७ : निगा

कपडे घालून जितके झिजतात त्याहून जास्त चुकीच्या धुण्याने झिजतात. घामाचे आणि अंगाला चिकटून असणारे कपडे रोज धुवायलाच हवेत, पण जीन्स, जॅकेट, स्वेटर यांना दर वेळी पाण्याची गरज नसते. हवेशीर जागी रात्रभर टांगून ठेवले तरी चालतात. धुताना गडद कपडे उलटे करा, चेन आणि हूक लावून टाका, गार किंवा ३० अंशांचं पाणी वापरा. नवी गडद जीन्स पहिल्या काही वेळा वेगळी धुवा, कारण निळीचा रंग फिकट कपड्यांना लागतो. वाळवतानाही उलटे करून सावलीत. शर्ट खालच्या कडेने दोरीवर टाका म्हणजे खांद्यावर चिमट्यांचे डाग पडत नाहीत. लोकरीचा किंवा जाड विणीचा स्वेटर ओला टांगू नका, पाण्याच्या वजनाने तो लांब होतो. टॉवेलवर पसरून वाळवा आणि कपाटातही घडी करूनच ठेवा.

लेबलवरची चिन्हं एकदा समजून घ्या. पाण्याचं टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंग. फुली मारली असेल तर ते करायचं नाही. इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे कमी गरम, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त गरम. पॉलिएस्टरवर तीन ठिपक्यांची इस्त्री फिरवली की कापड चकाकतं आणि ती चकाकी जात नाही. सुती कपडा थोडा दमट असतानाच इस्त्री करा, गडद कपडे उलट्या बाजूने. घाई असेल तर निदान कॉलर, बटणपट्टी आणि कफ करा. नजर तिथेच जाते.

गोळे आलेल्या स्वेटरवर दाढीचं ब्लेड हलक्या हाताने, कापड ताणून धरून, एकाच दिशेने फिरवा. दहा मिनिटांत तो नव्यासारखा दिसतो. डिओ लावल्यावर तो सुकू द्या आणि मगच शर्ट घाला. घाम थांबवणाऱ्या डिओमधला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आणि घाम मिळून काखेतले पिवळे डाग पडतात.

बटण लावणं प्रत्येकाला यायला हवं, आणि ते टिकेल असं लावायची एक पद्धत आहे. दोरा दुहेरी घ्या, टोकाला गाठ मारा. जिथे बटण हवं तिथे दोन छोटे टाके घालून जागा पक्की करा. बटण ठेवा आणि त्याच्या वर, भोकांच्या मध्ये एक काडी आडवी धरा. आता काडीवरून दोरा नेत चार-सहा फेरे घ्या. काडी काढा, बटण वर ओढा. बटण आणि कापड यांच्यामध्ये थोडी सैल जागा दिसेल. त्या जागेतल्या दोऱ्यांभोवती सुईचा दोरा चार-पाच वेळा घट्ट गुंडाळा, सुई मागे काढून गाठ मारा. काजाचं कापड बसायला तेवढी जागा लागते. ती ठेवली नाही तर बटण ताणलं जातं, भोवतीचं कापड गोळा होतं आणि दोरा लवकर तुटतो. नव्या जॅकेटची बटणं सैल वाटली तर वापरण्याआधीच अशी पक्की करून घ्या. स्वस्त शर्टाची प्लास्टिकची चकचकीत बटणं काढून त्याजागी साधी, मंद रंगाची चांगली बटणं लावली तर शर्टाचं रूपच पालटतं.

बुटांकडे दुर्लक्ष करू नका. चामड्याचे बूट लागोपाठ दोन दिवस घालू नयेत; आत मुरलेला घाम वाळायला एक दिवस लागतो. काढल्यावर आत कागदाचे बोळे भरून ठेवा, आकार राहतो. टाचेचा रबरी थर झिजून मूळ टाचेला लागायच्या आधी बदलून घ्या, ते काम स्वस्त असतं. कापडी पांढऱ्या बुटांची नाडी काढून वेगळी धुवा. नुसती नवी नाडी घातली तरी जुने बूट ताजे वाटतात.

पायरी ८ : घालण्याची पद्धत

आहे तेच कपडे नीट घातले तर वेगळे दिसतात. बाह्या वर करायच्या असतील तर कफच्या रुंदीच्या सारख्या घड्या घाला, गोळा करून सारू नका. सरळ कडेचा आखूड शर्ट बाहेर ठेवता येतो. पुढे-मागे गोलाई असलेला लांब शर्ट आत खोचण्यासाठी बेतलेला असतो. खोचलेल्या शर्टावर बेल्ट हवा, आणि त्याचा रंग बुटांच्या जवळचा हवा. फिकट कपड्यांखाली पांढऱ्याऐवजी त्वचेच्या रंगाजवळचे आतले कपडे घाला, ते दिसून येत नाहीत. निघण्यापूर्वी पाठ आरशात बघा, चिकटलेले केस-तंतू ओल्या हाताने काढा.

जमलेल्या प्रत्येक जोडीचा फोटो काढून मोबाइलमध्ये एक वेगळा अल्बम करा. सकाळच्या घाईत डोकं चालत नाही, तेव्हा अल्बम उघडायचा आणि निवडायचं. आठवड्याच्या सुट्टीला पुढच्या पाच दिवसांच्या जोड्या इस्त्री करून एकत्र टांगल्या तर आणखी बरं.

समारंभासाठी नवं घेण्याआधी आहे त्या गडद, साध्या कपड्यावर काय चढवता येईल ते बघा: चांगला स्कार्फ, एकच ठसठशीत दागिना, चकचकीत पॉलिश केलेले बूट. त्यानेही भागत नसेल तर जवळच्या कुणाकडून मागून घ्या किंवा भाड्याने आणा. मागून आणलेला कपडा धुवून, इस्त्री करून, वेळेत परत करा. पुढच्या वेळी विचारायला संकोच वाटत नाही. आणि काहीही असो, पूर्ण पेहराव बुटांसकट किमान आठवडाभर आधी घालून बघा. उंची जास्त निघाली, अस्तर उसवलेलं दिसलं किंवा चेन अडकली, तर शिंप्याला पुरेसे दिवस मिळतात.